सासूबाईंच्या ताटातली डाळ काढू नका

पत्र :

डॉक्टरबाई, नमस्कार. अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. माझ्या सासूबाई ५६ वर्षांच्या आहेत. डाव्या स्तनात साडेतीन सेंटिमीटरची गाठ निघाली, काखेतही एक हाताला लागते. जळगावला सुईने तुकडा काढून तपासला. रिपोर्टमध्ये कॅन्सर आला. ग्रेड ३, ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह आणि हर-टू २+, पुढे 'इक्विव्होकल' असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, हर-टू हे एक प्रोटीन आहे, ते वाढलेलं असलं की हा आजार जोरात वाढतो आणि पसरतो. फिश टेस्ट करून घ्या, मग औषधाचं ठरवू.

घरी आलो तर नात्यातल्या एकांनी सांगितलं, प्रोटीन वाढलंय ना, मग डाळी, दूध, शेंगदाणे सगळं बंद करा. वीस दिवस झाले, सासूबाई नुसती ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाताहेत. वजन ५१ होतं, ४८ झालं. दीर म्हणतात, टेस्टच्या नादी लागू नका, ऑपरेशन उरकून टाकू, सुई लावल्यापासून गाठ चेकाळलीय. सासूबाई माळकरी, मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाणाऱ्या. फिशचं नाव ऐकून त्या म्हणाल्या, "मी मायकरी बाई, माले मासानी टेस्ट कसाले?" आणि नणंद रोज फोन करून विचारते, हे प्रोटीन मला किंवा माझ्या मुलीला येईल का. कोणाचं ऐकू?

उत्तर :

ताई, आज संध्याकाळीच सासूबाईंच्या ताटात डाळ वाढा. हे पत्र त्यानंतर सावकाश वाचा.

हा घोटाळा 'प्रोटीन' या शब्दाने केलाय. तुमच्या नातेवाइकांना मी फार दोष देणार नाही. जाहिरातीत डबा दाखवून 'प्रोटीन' म्हणतात आणि रिपोर्टवरही 'प्रोटीन' लिहितात, मग माणूस दोन्ही एकच धरतो. पण आपल्या शरीरात प्रथिनं हजारो प्रकारची असतात. केस प्रथिनाचे, रक्तातलं हिमोग्लोबिन प्रथिनाचं, जेवण पचवणारे रसही प्रथिनाचे. आपण खाल्लेली डाळ पोटात पार बारीक तुकड्यांत मोडते. शरीर ते तुकडे विटांसारखे वापरतं आणि हवं ते नव्याने बांधतं. कुठली पेशी हर-टू किती बनवणार, हे तिच्या आतलं जनुक ठरवतं. डाळ बंद केल्याने हर-टू कमी होत नाही. कमी होतात ते सासूबाईंचे स्नायू. ते तीन किलो आजाराने गेले की ठेचा-भाकरीने, हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण ठेचा-भाकरीचा वाटा नक्की आहे.

पुढे केमो घ्यायची झाली तर अंगात ताकद असलेली बाई ती नीट पेलते. या आजारात दर किलो वजनामागे रोज साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिन पोटात जावं असं धरतात. ४८ किलोला हे ६० ते ७० ग्रॅम होतं. वाटीभर घट्ट डाळीतून सहा-सात ग्रॅम मिळतं, पेलाभर दुधातून तेवढंच, मूठभर शेंगदाण्यांतून सात-आठ. म्हणजे एका वाटीने भागणार नाही. आपल्याकडची कळण्याची भाकरी तर यासाठीच बनवल्यासारखी आहे, ज्वारीबरोबर उडीद दळलेलाच असतो. वर घोटलेली उडदाची डाळ, दही, शेंगदाण्याची चटणी. माळकरी बाईला अंड्याची गरज नाही. मूत्रपिंडाचा जुना त्रास असेल तरच हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

आता रिपोर्टमधल्या प्रोटीनकडे वळू. मी आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून असेच तुकडे बघितले, त्यामुळे इथे जरा लांबण लागेल.

तुमच्या विहिरीवरच्या मोटारीला ऑटो स्विच असेलच. लाइट आली की मोटार सुरू, गेली की बंद. पेशीच्या अंगावरही असे स्विच असतात. बाहेरून वाढीचा निरोप आला की दोन स्विच एकमेकांना चिकटतात आणि आत हुकूम जातो : एका पेशीच्या दोन व्हा. निरोप थांबला की हुकूम थांबतो. जखम भरते आणि भरल्यावर मांस वाढायचं थांबतं, ते अशा व्यवस्थेमुळेच. हर-टू हा या स्विचांच्या घराण्यातला जरा विचित्र भाऊ आहे. त्याच्या नावाने येणारा निरोप आजवर कोणाला सापडलेला नाही. तो सदा हात पसरून उभा असतो आणि घराण्यातल्या दुसऱ्या कुणालाही निरोप आला की त्याच्याशी जोडी जमवतो. त्यातली हर-थ्रीबरोबरची जोडी सर्वांत जोरकस.

निरोगी पेशीवर हे हर-टू साधारण वीस हजार असतात. तेवढ्यावर काही बिघडत नाही, उलट ते लागतातच. काही गाठींमध्ये मात्र सतरा नंबरच्या गुणसूत्रावरच्या या जनुकाच्या प्रती वाढत जातात. दोन असायच्या तिथे दहा, वीस. मग पेशीच्या अंगावर वीस लाखांपर्यंत हर-टू उगवतात. जत्रेतल्या गर्दीत माणूस माणसाला चिकटतो तसे ते कुठल्याही निरोपाशिवाय एकमेकांना चिकटतात. लाइट नसताना मोटार चालू आणि बंद करायला कोणी नाही. आत दोन हुकूम एकदम सुटतात. एक, वाढत राहा. दुसरा, मरू नका. हा दुसरा हुकूम जास्त वाईट असं मला वाटतं, कारण बिघडलेल्या पेशीने आपणहून मरून जाणं हा शरीराचा जुना बंदोबस्त आहे आणि इथे तोच मोडतो.

आता पसरण्याचं. स्तनातल्या दुधाच्या नळ्यांना आतून पेशींचं अस्तर असतं आणि नळीभोवती एक पातळ पडदा असतो. तो पडदा म्हणजे शेताचा बांध समजा. गाठ बांधाच्या आत आहे तोवर ती कितीही वाढो, काखेत किंवा हाडात जात नाही. 'इन्व्हेझिव्ह' म्हणजे बांध कोरणारा शेजारी, आपल्याकडे प्रत्येक गावात तो एक तरी असतोच. हर-टूचे हुकूम सतत सुटत राहिले की पेशींची एकमेकींना धरून ठेवणारी पकड सैल होते, त्यांना जागा सोडायची सवय लागते आणि पडदा विरघळवणारे रसही त्या सोडतात. मग लसिकेच्या, म्हणजे अंगातल्या पातळ द्रवाच्या, बारीक वाहिन्यांतून काखेतल्या गाठींत, आणि रक्तातून हाडं, यकृत, फुप्फुस. या प्रकारच्या आजाराचा मेंदूकडे जाण्याचा कल इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून पुढे कधी सतत डोकं दुखलं, उलट्या झाल्या किंवा चालताना तोल गेला तर अंगावर काढू नका.

मात्र हर-टू वाढलं म्हणजे पसरलंच, असं नाही. बांध न ओलांडलेल्या गाठींतही हे प्रथिन बऱ्याचदा भरपूर वाढलेलं मी बघितलंय. ते पसरायला मदत करतं, पण एकटं ते काम करत नाही.

हे प्रोटीन कळलं तेव्हाची गोष्ट सांगते. १९८७ साली अमेरिकेत डेनिस स्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ज्यांच्या गाठीत हे जनुक वाढलेलं आहे त्यांचा आजार लवकर उलटतो. म्हणजे पहिली काही वर्षं हर-टू पॉझिटिव्ह ही नुसती वाईट बातमी होती, करण्यासारखं हातात काही नव्हतं. मग याच प्रथिनाला बाहेरून जाऊन चिकटणारं प्रतिपिंड बनलं, ट्रास्टुझुमॅब. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते स्विचवर बसतं, आतला हुकूम अडवतं आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना 'ही पेशी धरा' अशी खूणही करतं. गंमत बघा, हे औषध स्वतःच एक प्रोटीन आहे. ते घेणाऱ्या बाईची डाळ बंद करायची म्हणजे काय म्हणावं!

म्हणून आज रिपोर्टमध्ये हर-टू ३+ दिसलं की आजार आडदांड आहे हे कळतंच, पण त्याला धरायला जागाही आहे हेही कळतं. स्तनाच्या कॅन्सरच्या दर शंभरातल्या पंधरा-वीस बायकांत हे प्रथिन असं वाढलेलं असतं. सासूबाई त्यांत आहेत का, हा प्रश्न अजून उघडा आहे, आणि फिश त्याचसाठी आहे.

२+ म्हणजे दुसरी स्टेज नव्हे, दोन टक्केही नव्हे. लोक असं धरतात म्हणून आधीच सांगते. ग्रेड ३ म्हणजेही तिसरी स्टेज नव्हे. पेशी मूळ रूपापासून किती बिघडल्या आणि किती वेगाने वाढताहेत, ते ग्रेड सांगतो. हर-टूसाठी आम्ही तुकड्याच्या पातळ कापावर एक रंग देतो. जिथे ते प्रथिन असेल तिथे पेशीची कड तपकिरी होते. ३+ असेल तर दहा टक्क्यांहून जास्त पेशींभोवती जाड, पूर्ण कडं दिसतं, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी टांगल्यासारखं. ० आणि १+ म्हणजे नाही. २+ म्हणजे कडं पूर्ण आहे पण फिकट, आणि डोळ्यांनी हो-नाही म्हणता येत नाही. तिथे प्रामाणिक पॅथॉलॉजिस्ट 'इक्विव्होकल' लिहितो आणि पुढची तपासणी सुचवतो. तुमच्या डॉक्टरांनी टाळाटाळ केलेली नाही. २+ आलेल्यांपैकी बहुतेकींचं फिश निगेटिव्ह येतं, काहींचं पॉझिटिव्ह, आणि दोघींचे रस्ते पार वेगळे.

सासूबाईंना सांगा, या टेस्टमध्ये मासा नाही, माशाचं तेलही नाही. फ्लूरोसन्स इन सिटू हायब्रिडायझेशन या लांबलचक नावातली इंग्रजी आद्याक्षरं जोडून 'फिश' झालंय, बस. तुळशीच्या माळेला कसलाच धक्का नाही. नवी सुईही टोचायची नाही. आधीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो, त्यालाच ब्लॉक म्हणतात. त्याचाच एक कापा घेऊन त्यावर चमकणारे ठिपके उमटवतात. हर-टूच्या जनुकाचा लाल ठिपका, सतरा नंबरच्या गुणसूत्राचा हिरवा. अंधाऱ्या खोलीत बसून कमीत कमी वीस पेशींतले ठिपके मोजायचे. लाल हिरव्यांच्या दुप्पट किंवा जास्त आणि एका पेशीत सरासरी चार किंवा जास्त लाल, तर पॉझिटिव्ह. सीमेवरच्या आकड्यांचे आणखी काही नियम आहेत, ते लॅबवर सोडा. खर्च काही हजारांत जातो आणि ब्लॉक बाहेर पाठवायचा असेल तर आठ-दहा दिवस धरा.

ब्लॉक आणि काचपट्ट्या तुमच्या आहेत. लॅबमधून मागून घ्या, पावती जपा, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण वितळतं. तुकडा काढल्यावर तासाभरात फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावणात, गेला होता का, हेही विचारा. आगाऊपणा वाटेल, तरी विचारा. माझ्याकडे एकदा एका बाईचा तुकडा दोन दिवस प्रवास करून सलाइनच्या बाटलीत आला होता. रंग दिला, पण जे दिसत होतं त्यावर मी सही करू शकले नाही. तिला पुन्हा सुईसाठी पाठवावं लागलं. तिच्या नवऱ्याने मला विचारलं, आमचं काय चुकलं? त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. फॉर्मलिनची एक बाटली जागेवर नव्हती, एवढंच.

आता तुमच्या दिरांबद्दल. त्यांची घाई मायेपोटी आहे, हे मी गृहीत धरते. पण सुईने गाठ चेकाळत नाही. ग्रेड ३ ची गाठ तशीही भराभर वाढते, आणि सुई लावल्यापासून सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे गेलंय. 'आधी कापून टाकू' हा विचार चाळीस वर्षांपूर्वी बरोबर ठरला असता. आज साडेतीन सेंटिमीटर गाठ, काखेत संशय आणि ईआर-पीआर, म्हणजे हार्मोनचे निरोप घेणारे स्विच, निगेटिव्ह असं असताना बहुतेक कॅन्सरतज्ज्ञ औषध आधी देतात, ऑपरेशन नंतर करतात. फिश पॉझिटिव्ह आलं तर केमोबरोबर ट्रास्टुझुमॅब, जमलं तर जोडीला पर्टुझुमॅब हे हर-टूवरचंच दुसरं प्रतिपिंड. गाठ विरघळताना डोळ्यांसमोर दिसते, आणि कधी कधी ऑपरेशनच्या वेळी माझ्यासारखीला काचेखाली शोधूनही कॅन्सर सापडत नाही. त्या दिवसांसाठी मी ही नोकरी केली. आणि काही शिल्लक राहिलंच, तर औषध बदलून ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिन देता येतं. त्यात त्याच प्रतिपिंडाला केमोचा थेंब बांधलेला असतो. आधीच कापून टाकलं तर कुठलं औषध चाललं आणि कुठलं नाही, हे कळायची सोयच राहत नाही.

फिश निगेटिव्ह आलं तर ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह म्हणून त्याची वेगळी केमो असते, आणि तीही या आकाराच्या गाठीला बहुधा आधीच देतात. मग ट्रास्टुझुमॅब द्या म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका, आज ते सासूबाईंना उपयोगी पडणार नाही. २+ हा शेरा मात्र कागदावर जपून ठेवा. पसरलेल्या आजारात थोडंसंच हर-टू असलेल्या गाठींवरही चालणारं एक औषध आता आलंय, ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकन. ते लागायची वेळ येऊ नये, पण आली तर हा शेरा शोधावा लागू नये. दिरांना म्हणावं, आठ-दहा दिवस थांबणं म्हणजे वेळ घालवणं नव्हे. वीस दिवस डाळ बंद ठेवली तेव्हा गेला तो वेळ वाया गेला.

नणंदेला सांगा, हर-टूची ही वाढ आईकडून मुलीकडे जात नाही. ती त्या गाठीच्या पेशींत, आयुष्यात पुढे कधीतरी झालेली असते. सासूबाईंच्या रक्तात किंवा इतर अंगात ती नसते. वारशाने येणारी जनुकं वेगळी, बीआरसीए-वन आणि टू. त्यातलं बीआरसीए-वन सतरा नंबरच्या गुणसूत्रावरच असतं, म्हणून शिकलेलेही गोंधळतात. आई, मावशी, आजी यांच्यापैकी कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर कमी वयात झाला होता का, एवढं आधी घरात विचारा, आणि ते डॉक्टरांना सांगा. फिश निगेटिव्ह येऊन तिन्ही निगेटिव्ह ठरलं, तर ही तपासणी करायची का हे नक्की विचारा. नणंदेने तिशी ओलांडली असेल तर स्वतःची स्तन-तपासणीही करून घ्यावी, फोन करण्यापेक्षा ते बरं.

पॉझिटिव्ह आलं तर दोन गोष्टींची तयारी ठेवा. एक हृदय. हे औषध काहींच्या हृदयाचा जोर कमी करतं. म्हणून सुरू करण्याआधी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि मग साधारण दर तीन महिन्यांनी पुन्हा. वेळेवर लक्षात आलं तर औषध थांबवल्यावर हृदय बहुतेक वेळा सावरतं. दम लागला, पायावर सूज आली, रात्री उशी उंच करावी लागली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. सासूबाई वारीला पायी जातात, म्हणजे दम किती लागायचा हे त्यांना नेमकं माहीत आहे. त्यांनाच विचारत जा.

दुसरी गोष्ट पैसा. इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, एकूण वर्षभर. मूळ औषध फार महाग होतं. २०१४ मध्ये बंगळुरूच्या बायोकॉनने त्याची भारतीय बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी जुळणारी आवृत्ती, आणली, नंतर इतरही आल्या, आणि किमती बऱ्याच खाली आल्या. बायोसिमिलर म्हणजे बनावट नव्हे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ट्रास्टुझुमॅब २०१५ पासून आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला पहिलं इंजेक्शन घेण्याआधीच विचारा की हे औषध योजनेत बसतं का, आणि बसत असेल तर किती इंजेक्शनं. चार घेऊन पैशासाठी पाचवं थांबलं, असं मी अनेकदा बघितलंय. वर्षाचा हिशोब पहिल्याच दिवशी मांडा, कापूस विकायच्या आधी मांडता तसा. मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये जायचं ठरलं तर कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टियर एसीच्या तिकिटाला पूर्ण सवलत असते, सोबत्यालाही मोठी सवलत मिळते. त्याचा फॉर्म उपचार करणारे डॉक्टर भरून देतात. बऱ्याचशा तपासण्या जळगाव-धुळ्यात होतात, म्हणून नुसत्या मनाच्या समाधानासाठी दर वेळी मुंबई गाठू नका. एकदा तिथे मत घ्या, आणि इंजेक्शनं जवळ कुठे घेता येतील ते तिथेच विचारून या.

फिशचा रिपोर्ट आला की मला पुन्हा लिहा. नुसतं पॉझिटिव्ह की निगेटिव्ह एवढं नको, लाल-हिरव्याचा रेशो आणि एका पेशीतल्या लाल ठिपक्यांची सरासरी, दोन्ही आकडे लिहा. आणि सासूबाईंचं त्या दिवशीचं वजनही.